जुन्या इंजिनाला नवी गाळणी

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सुट्या भागांच्या दुकानात ऑइल फिल्टर मागितला, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठली?" गाडी मारुती, टाटा किंवा ह्युंदाई असेल तर दुसरा प्रश्न येतच नाही. मागच्या फडताळातून खोकं निघतं, पैसे दिले की काम झालं. पण उत्तर "1958 ची अँबेसेडर" किंवा "लढाईच्या वेळची विलीज जीप" असं आलं, तर दुकानदार थबकतो. हे नाव त्याच्या संगणकात नसतं. माणूस चांगला असेल तर म्हणतो, "जुना फिल्टर घेऊन या, मग बघू." हा सल्ला अगदी योग्य आहे. जुन्या इंजिनाचा फिल्टर शोधताना गाडीच्या नावाचा उपयोग फार थोडा. इंजिनाचं घराणं, फिल्टरची मापं आणि त्याचे आटे माहीत असले, तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या इंजिनालाही नवा फिल्टर बहुतेक वेळा मिळतो.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते. या इंजिनाला मुळात फिल्टर होता का?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या 1908 ते 1927 या काळात दीड कोटींवर निघाल्या. त्यांच्या इंजिनात फिल्टर नव्हता, तेलाचा पंपसुद्धा नव्हता. फिरणारं फ्लायव्हील तेल उडवायचं आणि त्यातलं थोडं एका नळीतून उतारानं पुढच्या बेअरिंगकडे जायचं. त्यानंतरच्या मॉडेल ए ला पंप आला, फिल्टर आला नाही. म्हणून तिचं तेल दर 500 मैलांना, म्हणजे 800 किलोमीटरला बदलायचं असा नियम होता. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत शिवडीला शेवरोले गाड्या जोडायला सुरुवात केली. त्या काळातल्या शेवरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या तळाला छोटे पळे असत. ते तेलात बुडत आणि तेल वर उडवत. मुंबई-पुण्याच्या रॅलींमध्ये दिसणाऱ्या अशा एखाद्या शेवरोलेच्या मालकानं "मूळ फिल्टर" शोधायला निघणं म्हणजे कारखान्यानं कधी बसवलीच नाही अशी वस्तू शोधणं.

मोटारीच्या तेलाचा फिल्टर हा अमेरिकेतल्या अर्नेस्ट स्वीटलंड यांचा शोध. साल 1923. पुढच्याच वर्षी क्रायसलरनं तो आपल्या नव्या गाडीवर कारखान्यातूनच बसवून दिला. तरीही पुढची तीस वर्षं बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत फिल्टर म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायची सोय होती. शेवरोलेचं गाजलेलं व्ही-8 इंजिन 1955 मध्ये बाजारात आलं, तेव्हा त्याच्या ब्लॉकमध्ये फिल्टरसाठी जागासुद्धा ठेवलेली नव्हती. हवा असेल त्यानं बाहेरून नळ्या जोडून बसवायचा. 1956 मध्ये ब्लॉकवर फिल्टरचं भांडं आलं, आणि 1968 मध्ये आज आपण बघतो तसा हातानं फिरवून बसवायचा डबा. एकाच इंजिनाच्या एकाच घराण्यात तेरा वर्षांत तीन तऱ्हा झाल्या. "शेवरोले व्ही-8 चा फिल्टर द्या" एवढ्या मागणीवर कुणी खात्रीनं फिल्टर देऊ लागला, तर सावध व्हावं.

फोक्सवॅगन बीटलची गोष्ट याहून नवलाची आहे. जगभर दोन कोटींवर बीटल विकल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या फिल्टरशिवाय धावल्या. इंजिनाच्या तळाशी एक गोल झाकण असतं. ते सहा नटांनी धरलेलं असतं. नट काढले की तारेची जाळी हातात येते. ती पेट्रोलमध्ये धुवायची, दोन नवी कागदी पॅकिंग लावायची, तांब्याची वायसरं बदलायची आणि झाकण परत बसवायचं. ही जाळी मोठा कचरा अडवते. बारीक कचरा तेलाबरोबर फिरत राहतो. म्हणून तेल दर 5,000 किलोमीटरला बदलण्याचा नियम होता, आणि ज्यांनी तो मनापासून पाळला त्यांची इंजिनं टिकली. मेक्सिकोत 2003 पर्यंत बनत राहिलेल्या शेवटच्या पिढीतल्या बीटललाच खराखुरा फिल्टर मिळाला. बीटलच्या मालकानं कागदी फिल्टर शोधत हिंडण्यापेक्षा त्या दोन पॅकिंगचा संच घरात ठेवावा.

दुचाकींमध्येही असेच प्रकार. जुन्या बजाज चेतक किंवा येझदीच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळून जातं, तिथे फिल्टरचा प्रश्नच नाही. 1985 साली आलेल्या हीरो होंडा सीडी 100 मध्ये फिल्टर आहे, पण त्यात कागद नाही. क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेली एक वाटी शाफ्टबरोबर गरगर फिरते, जड कण तिच्या कडेला फेकले जाऊन चिकटतात आणि मधलं स्वच्छ तेल पुढे जातं. कव्हर उघडलं की त्या वाटीच्या आतल्या कडेला काळ्या मलमासारखा थर हाताला लागतो. तो चिंधीनं पुसून काढायचा. अशा फिल्टरला बदली लागत नाही, लागतं फक्त झाकणाचं पॅकिंग. फियाट 850 मध्ये हीच युक्ती क्रँकच्या पुलीत बसवलेली होती.

कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट मात्र खऱ्या अर्थानं फिल्टरवाली. मद्रासला 1955 पासून आलेल्या या मोटरसायकलच्या इंजिनाच्या उजव्या अंगाला, टायमिंगच्या झाकणाखाली एक कप्पा आहे. त्यात लोकरी फेल्टची नळकांडी बसते. हे इंजिन जवळपास न बदलता पुढची पाचएक दशकं बनत राहिलं, त्यामुळे फेल्ट आजही गावोगावच्या बुलेटच्या दुकानांत मिळते. इथे अडचण माल मिळण्याची नसून तो बसवण्याची आहे. कप्पा उघडला की त्यातलं तेल सांडतं. नवी फेल्ट कोरडी बसवून किक मारली, तर कप्पा भरेपर्यंत पुढच्या बेअरिंगला तेल पोचत नाही. चांगला मेस्त्री फेल्ट आधी तेलात भिजवतो, कप्पा तेलानं भरतो, आणि मगच टोपी आवळतो.

आता फिल्टर ज्याला आहेच अशा चारचाकी इंजिनांकडे. आधी तो नेमकं काय करतो ते पाहू. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातली फट साधारण 0.03 ते 0.07 मिलिमीटर असते. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड. त्या फटीतून तेलाचा पातळ थर शाफ्टला उचलून धरतो. या थराच्या जाडीएवढा कडक कण आत शिरला की तो दोन्ही बाजूंना ओरखडे काढतो. फिल्टर नसलेली जुनी इंजिनं तगली याचं एक कारण त्यांच्या बेअरिंगच्या धातूत होतं. कथिल किंवा शिसं मुख्य असलेला तो मऊ पांढरा मिश्रधातू बारीक कण स्वतःत रुतवून घेतो. शिवाय ती इंजिनं संथ चालत. पुढे वेग वाढला, दाब वाढला, बेअरिंगचे धातू कडक झाले, आणि तेल गाळणं भाग पडलं.

गाळण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि जुन्या गाडीच्या मालकाला हा फरक माहीत असायलाच हवा. पहिली बायपास पद्धत. पंपातून निघालेलं बहुतांश तेल न गाळता सरळ बेअरिंगकडे जातं. एका नळीतून त्यातला छोटासा हिस्सा फिल्टरकडे वळवतात आणि गाळून परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये सोडतात. दुसरी फुल-फ्लो पद्धत. यात सगळं तेल फिल्टरमधून जातं आणि मगच बेअरिंगला मिळतं. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त संख्येनं बनलेल्या विलीज आणि फोर्डच्या जीपगाड्या पहिल्या पद्धतीच्या. इंजिनाशेजारी पट्टीनं बांधलेला लोखंडी डबा, त्याला येणारी-जाणारी नळी, आणि वरचं झाकण उघडून आत सोडायचं एलिमेंट, म्हणजे प्रत्यक्ष गाळणारा भाग. महिंद्रानं 1947 पासून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, पुढे सीजे-3बी हे मॉडेल इथेच बनवलं, त्यामुळे महाराष्ट्रात अशा जीप आजही बऱ्याच आहेत.

या बायपास फिल्टरच्या वाटेवर एक बारीक छिद्र असतं, एक-दीड मिलिमीटरचं. तेवढ्या छिद्रातून तेल हळूहळू जातं आणि मुख्य वाटेतला दाब टिकतो. आता होतं काय, की जुना डबा गंजलेला म्हणून मालक तो फेकून देतो आणि त्याच नळ्यांवर आधुनिक, हातानं फिरवायचा फिल्टर बसवून घेतो. गाळण्याच्या दृष्टीनं नवा फिल्टर उत्तमच. पण डब्याबरोबर ते छिद्रही गेलेलं असतं. मग तेल मोकळ्या वाटेनं परत चेंबरमध्ये धावतं, मीटरचा काटा खाली येतो, आणि गॅरेजमध्ये पंप दुरुस्त करण्याची चर्चा सुरू होते. पंपाचा काही दोष नसतो. अशा वेळी येणाऱ्या नळीच्या जोडात छिद्राचा तुकडा पुन्हा बसवला की दाब परत येतो. जीपचं जुनं एलिमेंट फेकण्याआधी हे छिद्र नेमकं कुठे आहे, डब्यात, एलिमेंटच्या दांड्यात की नळीच्या जोडात, ते पाहून घ्यावं.

बायपास फिल्टर तेलाची मुख्य वाट अडवत नाही, म्हणून त्याच्याबाबतीत लोकांनी नाना प्रयोग केले. अमेरिकेत फ्रान्झ नावाचा एक बायपास फिल्टर विकला जात असे. त्यात एलिमेंटच्या जागी चक्क टॉयलेट पेपरचा रोल घालायचा. तो चालायचाही. फुल-फ्लो फिल्टरच्या बाबतीत असा प्रयोग कुणी करू नये. तिथे एलिमेंट फाटलं किंवा चोंदलं तर त्याचा परिणाम थेट बेअरिंगवर होतो.

फुल-फ्लो पद्धतीतलं आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे अँबेसेडर. ती मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली, आणि तिचं 1489 सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीज घराण्यातलं. हेच घराणं इंग्लंडमध्ये एमजीए या स्पोर्ट्स गाडीत होतं आणि 1962 मध्ये आलेल्या एमजीबीत ते 1798 सीसीचं झालं. त्याच घराण्यातलं दीड लिटरचं डिझेल इंजिन अँबेसेडरमध्ये बसलं आणि इंग्लंडच्या कालव्यांतल्या लांबट बोटींतही. म्हणजे कोलकात्याची टॅक्सी, इंग्लंडची स्पोर्ट्स गाडी आणि कालव्यातली बोट ही एकाच घराण्याची भावंडं. अँबेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, पण इंग्लंडमधल्या जुन्या एमजीच्या शौकिनांमुळे या घराण्याचे सुटे भाग अजून नव्यानं बनतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या अँबेसेडरवाल्यानं आपल्या गाडीचं नाव बाजूला ठेवून "बी-सीरीज" असा शोध घेतला, तर त्याच्यासमोर दुप्पट-चौपट मोठा बाजार खुला होतो. मात्र तिथेही मेख आहे. एमजीएवर टेकॅलेमिट आणि प्युरोलेटर या दोन कंपन्यांचे फिल्टर बसवलेले आढळतात. म्हणून भांड्यावरचं कंपनीचं नाव वाचूनच एलिमेंट मागवावं.

या इंजिनाच्या बाजूला लोखंडी भांडं लटकलेलं असतं आणि मधून एक लांब बोल्ट जातो. बोल्ट सैल केला की भांडं तेलासकट खाली येतं. त्यात कागदाच्या घड्यांचं एलिमेंट असतं. ते काढून फेकायचं आणि नवं टाकायचं, इतकं सोपं वाटतं. पण एलिमेंटच्या खाली आणखी एक छोटा संसार असतो. स्प्रिंग, त्यावर लोखंडी वायसर, त्यावर फेल्टचं किंवा रबराचं वायसर, आणि त्यावर एलिमेंट टेकवायची चकती. स्प्रिंग ही सगळी मंडळी वर दाबून धरते, त्यामुळे एलिमेंटच्या दोन्ही टोकांना फट राहत नाही. पन्नास-साठ वर्षांत कुणाच्या तरी हातून ते फेल्टचं वायसर जुन्या एलिमेंटला चिकटून कचऱ्यात गेलेलं असतं. मग होतं असं, की फिल्टर नवा, गाडी चकाचक, पण तेल एलिमेंटच्या कडेनं न गाळताच निघून जातं. बाहेरून काहीही कळत नाही. गळती नाही, दाबात फरक नाही. म्हणून नवं एलिमेंट घेताना पुस्तकातलं चित्र समोर ठेवून भांड्यातला एकेक तुकडा मोजून पाहावा. हे दहा रुपयांचं वायसर एलिमेंटइतकंच महत्त्वाचं आहे.

चुकायची दुसरी जागा भांड्याच्या वरच्या काठाची. ब्लॉकच्या बाजूला एक गोल खाच असते आणि तिच्यात चौकोनी छेदाची रबरी रिंग. वर्षानुवर्षं ही रिंग खाचेत कडक होऊन बसते आणि खाचेचाच भाग वाटू लागते. घाईतला मेस्त्री तिच्यावरच नवी रिंग ठेवतो. काही इंजिनांत अशा दोन-तीन रिंगा एकावर एक निघाल्या आहेत. मग भांडं नीट बसत नाही आणि बोल्ट जरुरीपेक्षा जास्त आवळला जातो. टोकदार सुईनं जुनी रिंग उकरून काढायची, खाच चिंधीनं पुसायची, आणि बोट फिरवून तळाला धातू लागतो ना ते पाहायचं.

1950 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत हातानं फिरवून बसवायचा फिल्टर आला, ज्याला सगळे स्पिन-ऑन म्हणतात, आणि पुढच्या वीस वर्षांत त्यानं भांड्याची जागा घेतली. डबा, एलिमेंट, व्हॉल्व्ह सगळं एकत्र, वापरून फेकायचं. बदलायला सोपा, म्हणून चुकायलाही सोपा. इथे तीन मापं बघावी लागतात. मधल्या भोकाचे आटे, रबरी रिंगचा आतला-बाहेरचा व्यास, आणि डब्याची लांबी-रुंदी. यातल्या पहिल्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती चूक महागात पडते.

अमेरिकन आणि बऱ्याच ब्रिटिश इंजिनांवर पाऊण इंच व्यासाचा आणि इंचाला 16 आटे असलेला खुंट असतो. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, आणि दोन आट्यांमधलं अंतर 1.59 मिलिमीटरच्या जवळपास. अनेक जपानी इंजिनांवर मेट्रिक खुंट असतो, 20 मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा. डोळ्याला हे दोन्ही सारखेच. मेट्रिक खुंटावर पाऊण इंची फिल्टर चढतच नाही, तिथे धोका नाही. पण पाऊण इंची खुंटावर 20 मिलिमीटरचा फिल्टर चढतो. दोन-तीन फेरे सहज जातो, मग आट्यांतला फरक जाणवतो आणि तो घट्ट झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आटे एकमेकांना जेमतेम कडेला धरून असतात. थंड इंजिनात तेलाचा दाब सर्वांत जास्त असतो, आणि तेव्हाच असा फिल्टर सुटतो. मिनिटभरात सगळं तेल रस्त्यावर, आणि इंजिन बसलं. जुन्या जनरल मोटर्स व्ही-8 चे फिल्टर तर 13/16 इंची आट्यांचे, म्हणजे 20.64 मिलिमीटरचे, इंचाला तेच 16 आटे. हा फिल्टर पाऊण इंची खुंटावर अगदी गुळगुळीत फिरतो आणि म्हणूनच जास्त धोक्याचा. उपाय सोपा आहे. व्हर्नियरनं खुंट मोजायचा, आट्यांना गेज लावायचा, आणि फिल्टर रबर टेकायच्या आधी किमान चार-पाच पूर्ण फेरे निर्वेध फिरतो का ते पाहायचं. खुंटावर फिल्टर हलवून बघितला आणि तो डगडगला, तर तो चुकीचा.

आटे जुळले म्हणजे काम झालं असंही नाही. डब्याच्या आत दोन व्हॉल्व्ह असू शकतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. चहाच्या गाळणीत चोथा भरला की चहा काठावरून सांडतो, तसं फिल्टर चोंदल्यावर तेलानं एलिमेंट वगळून जावं यासाठी एक व्हॉल्व्ह असतो. न गाळलेलं तेल मिळणं हे तेलच न मिळण्यापेक्षा बरं. हा व्हॉल्व्ह काही इंजिनांत ब्लॉकमध्येच दिलेला असतो. जुन्या शेवरोले व्ही-8 मध्ये तसंच आहे, म्हणून तिच्या मूळ फिल्टरच्या डब्यात तो नसला तरी चालतं. उलट ज्या इंजिनात तो नाही, तिथे व्हॉल्व्ह नसलेला डबा लावला, तर थंडीच्या सकाळी घट्ट तेलाच्या दाबानं एलिमेंट चुरगळू शकतं. दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे भोकांच्या आतल्या बाजूची रबरी चकती. इंजिन बंद असताना ती डब्यातलं तेल ओघळू देत नाही. फिल्टर तोंड वर करून लटकत असेल तर तिची गरज कमी. आडवा असेल, किंवा एमजीबीच्या नंतरच्या मॉडेलसारखा उलटा, तोंड खाली करून उभा असेल, तर तिच्यावाचून भागत नाही. ती नसली की रोज सकाळी इंजिन काही सेकंद कोरडं खडखडतं आणि दाब उशिरा येतो. डबा हातात घेऊन बाहेरच्या वर्तुळातल्या भोकांतून आत पाहिलं की ही चकती दिसते. काळी असेल तर साध्या रबराची, नारिंगी किंवा तांबडी असेल तर बहुधा सिलिकॉनची. क्वचित चालणाऱ्या गाडीला सिलिकॉनची चांगली, ती लवकर कडक होत नाही.

मापं हाती आली की शोध सुरू करता येतो, आणि इथे कंपन्यांच्या सूची कामाला येतात. प्रत्येक कंपनी आपल्या फिल्टरसमोर इतरांचे समान क्रमांक छापते. फोर्डच्या असंख्य इंजिनांवर बसणारा फ्रॅमचा पीएच8ए, मोटरक्राफ्टचा एफएल-1ए आणि विक्सचा 51515 हे एकाच जागेवर बसणारे फिल्टर. त्यामुळे जुन्या डब्यावर पुसटसा एखादा क्रमांक वाचता आला, तरी पुढचे चार क्रमांक मिळतात. तरीही समान क्रमांक म्हणजे "बसेल" एवढीच हमी. आतले व्हॉल्व्ह एकाच दाबाला उघडतील असं त्यात कुणी लिहून देत नाही. सूचीतली मापं वाचून मगच पैसे मोजावेत.

इंजिनाचं घराणं ओळखायचं तर मोटारींच्या बाहेरही पाहावं लागतं. मॅसी फर्ग्युसन 35 ट्रॅक्टरवरचं तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन फोर्कलिफ्टवर आणि बोटींवरही बसत होतं. मद्रासमध्ये बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचं 948 सीसीचं इंजिन आणि ट्रायम्फ स्पिटफायर या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीचं इंजिन ही एकाच घराण्यातली. महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर मुंबईत बनवलेला बी-275 ट्रॅक्टर आजही गावाकडे शेतात दिसतो, आणि म्हणून तालुक्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात त्याचे फिल्टर विचारल्यावर कुणी नवल करत नाही. जो माल रोज कुणीतरी वापरतो तो बाजारात राहतो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर फियाटच्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. आता तो माल हौशी मालकांच्या मागणीवरच टिकायचा आहे. ज्यांच्याकडे पद्मिनी आहे त्यांनी दोन-चार वर्षांचे फिल्टर आजच घेऊन ठेवावेत.

पण किती वर्षांचे? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा चेन्नईच्या पुदुपेटला कधीकधी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा, खोक्यातून न काढलेला मूळ फिल्टर सापडतो. शौकिनाला तो बघून आनंद होणं अगदी स्वाभाविक. तो खोक्यासकट घ्यावा, कपाटात ठेवावा, रॅलीच्या दिवशी परीक्षकांना दाखवावा. इंजिनाला लावू नये. रबर कडक झालेलं असतं. कागदाच्या घड्या टोकाच्या चकत्यांना ज्या गोंदानं चिकटवलेल्या असतात तो ठिसूळ होतो. कोकणासारख्या दमट हवेत राहिलेल्या डब्यात आतून गंज धरलेला असू शकतो, आणि तो गंज फिल्टरच्या स्वच्छ बाजूला असेल तर सरळ बेअरिंगमध्ये जातो.

काहीच मिळालं नाही तर अडॅप्टर. जुन्या भांड्याच्या जागी एक चकती बसवायची आणि तिच्यावर आजचा स्पिन-ऑन फिल्टर. एमजी आणि जॅग्वार यांच्या जुन्या इंजिनांसाठी असे अडॅप्टर तयार मिळतात. ज्यांच्यासाठी मिळत नाहीत त्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जावं. तिथले टर्नर नमुना बघून असा भाग लेथवर काढून देतात, तेही व्यवस्थित. मात्र चित्र देताना तेलाची दिशा ठळक लिहून द्यावी. स्पिन-ऑन फिल्टरमध्ये तेल बाहेरच्या वर्तुळातल्या भोकांतून आत जातं आणि मधल्या भोकातून बाहेर येतं. अडॅप्टरमध्ये या दोन वाटा उलट झाल्या, तर ती रबरी चकती तेलाची वाटच बंद करते. त्या फिल्टरमधून तेल पुढे जात नाही, आणि मालकाला कळतं ते बेअरिंग ओरडू लागल्यावर.

अडॅप्टर लावताना मूळ भांडं, बोल्ट, स्प्रिंग सगळं पिशवीत बांधून जपून ठेवावं. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली वाहनं त्यात येतात, आणि त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं असतात. चार बोल्टांत निघणारा अडॅप्टर हा मोठा फेरफार नव्हे असं कुणालाही वाटेल, तरी मूळ भाग हाताशी असले की वाद उरत नाही. ब्लॉकला नवं भोक पाडणं किंवा मूळ आटे कापून मोठे करणं मात्र कधीही करू नये. ते परत करता येत नाही.

फिल्टर बसवल्यावरची पहिली काही मिनिटं लक्ष देण्याची. जुन्या रिंगचा तुकडा ब्लॉकला चिकटलेला नाही हे पाहावं, नव्या रिंगला तेलाचं बोट लावावं, आणि रबर टेकल्यावर हातानंच पाऊण ते एक फेरा द्यावा; पाना लावू नये. स्पार्क प्लग काढून स्टार्टर फिरवावा, मीटरचा काटा हलला की प्लग लावून इंजिन चालू करावं. खाली पुठ्ठा पसरून ठेवला तर गळतीचा पहिला थेंबही दिसतो. वर्षानुवर्षं साधं तेल खाल्लेल्या इंजिनात आजचं धुणारं तेल प्रथमच घातलं असेल, तर चेंबरच्या तळाला बसलेला गाळ सुटून वर येतो आणि पहिला फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरतो. तो तीन-चारशे किलोमीटरवरच काढावा आणि उघडून पाहावा. हॅकसॉनं कापू नये, कारण करवतीचा कीस आतल्या किसात मिसळतो; पाइप कापायच्या कटरसारखा फिल्टर कटर मिळतो, तो वापरावा. कागद सोडवून उन्हात पसरावा आणि लोहचुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटतं ते पोलाद किंवा बीड. न चिकटणारी चंदेरी चमक बेअरिंगच्या पांढऱ्या धातूची. तांबूस कण बुशचे किंवा बेअरिंगच्या खालच्या थराचे. चिमूटभर चमक जुन्या इंजिनात असतेच. कागदाच्या घड्यांत नखाएवढ्या पापुद्र्या सापडल्या, तर गाडी न हलवता चेंबर उतरवावा. तसं काही नसेल तर दुसरा फिल्टर लावावा, तो हजार किलोमीटरवर असाच उघडून पाहावा, आणि तिसऱ्यापासून पुस्तकात दिलेलं वेळापत्रक धरावं.